उच्चारापूर्वीचा शब्द : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील संवादपर्यायांची भाषा

नाटकात नटाच्या हाती आधी संहिता येते आणि मग तो तिला आवाज देतो. प्रेक्षकाला वाक्य प्रथम भेटते ते उच्चारलेल्या रूपातच. भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम या कलाप्रकाराने गेल्या दोन दशकांत या क्रमात विलक्षण फेरबदल केला आहे. संभाषण चालू असताना पडद्यावर तीन-चार शब्दांची काही सूचक वाक्ये उमटतात. खेळाडू त्यांपैकी एक निवडतो. त्यानंतर नायक जे बोलतो ते या सूचक वाक्याहून वेगळे, बहुधा दीर्घ आणि एखाद्या नटाच्या आवाजात फार पूर्वीच ध्वनिमुद्रित झालेले असते. म्हणजे जे वाचले जाते ते कोणी बोलत नाही, आणि जे बोलले जाते ते कोणी आधी वाचलेले नसते. या दोहोंमधील फटीत खेळाडू उभा असतो. तो नट नाही, कारण आवाज त्याचा नाही. प्रेक्षक नाही, कारण निवड त्याची आहे. आणि लेखकही नाही, कारण शब्द त्याचे नाहीत. तरीही वाक्याच्या परिणामांची जबाबदारी मात्र त्याच्यावरच येऊन पडते.

या सूचक वाक्यांचा विचार आजवर बहुधा तांत्रिक सोयीचा प्रश्न म्हणून झाला. वस्तुतः तो भाषेचा, आणि त्यातही वाक्याच्या मालकीचा प्रश्न आहे.

नायक मूक होता तोवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. 1999 मधील ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्मृती हरवलेला, मरण न येणारा अनामिक नायक आणि त्याच्यासमोर पडद्यावर उतरणारे गद्याचे परिच्छेद, असे त्याचे स्वरूप. तेथे पर्याय म्हणजे पूर्ण वाक्यच असे. विशेष म्हणजे काही ठिकाणी एकच वाक्य दोनदा दिलेले आढळते : एकापुढे ते खरे असल्याची खूण, दुसऱ्यापुढे खोटे असल्याची. समोरच्या पात्राच्या कानी पडणारे शब्द तेच. परंतु बोलणाऱ्याच्या मनातला हेतू वेगळा, आणि खेळ त्या हेतूची नोंद नायकाच्या स्वभावात करून ठेवतो. नाट्यसंहितेत कंसातील सूचना जे काम करतात तेच काम ही खूण करते. फरक इतकाच, की येथे कंस लेखक नटासाठी लिहीत नसून खेळाडू स्वतःसाठी निवडत असतो. 2009 च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्येही नायक मूक आणि पर्याय पूर्ण वाक्यांचे होते. सूर कोणता, हे वाचणाऱ्याने ठरवावे. अर्थात या मोकळिकीतही एक फसगत होतीच. खेळाडूने थट्टेने वाचलेले वाक्य समोरचे पात्र अपमान म्हणून घेई, कारण लिहिणाऱ्याच्या मनातला सूर अपमानाचा होता. मूक नायकाच्या खेळातही सूर होता. तो फक्त ऐकू येत नव्हता.

कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या ‘मास इफेक्ट’ने 2007 मध्ये हे सारे बदलले. अंतराळयानाचा सेनानी शेपर्ड हा नायक पुरुष असावा की स्त्री, हे खेळाडूने ठरवायचे. पुरुषाला मार्क मीअर यांचा आणि स्त्रीला जेनिफर हेल यांचा आवाज. नायकाला आवाज मिळताच एक अडचण पुढे आली. पूर्ण वाक्य आधी वाचायचे आणि मग तेच नटाच्या तोंडून पुन्हा ऐकायचे, यात रस उरत नाही. दुसऱ्यांदा भेटलेले वाक्य शिळे वाटते. यावर योजलेला उपाय म्हणजे संवादचक्र. गोल चकतीच्या कडेने छोटे पर्याय मांडलेले. उजवीकडे वरचा सलोख्याचा, खालचा कठोर, डावीकडचा अधिक विचारपूस करणारा. समोरचे पात्र बोलत असतानाच हे पर्याय दिसू लागत, त्यामुळे त्याचे वाक्य संपताच शेपर्डचे उत्तर येऊ शके. मूक खेळांतील लांबलचक शांतता संपली आणि संभाषणाला चित्रपटाची लय आली. हा लाभ लहान नव्हे. संवादचक्रावर टीका करणारे अनेक जण तो विसरतात.

परंतु या चक्राने एक निराळेच व्याकरण रूढ केले. अर्थ शब्दांत कमी आणि जागेत अधिक राहू लागला. सरावलेला खेळाडू वाचीनासा झाला. वर म्हणजे भले, खाली म्हणजे दांडगे, एवढे त्याला पुरे होऊ लागले. भाषेला दिशेने पर्याय दिला, असेच याचे वर्णन करावे लागेल. शिवाय पहिल्या ‘मास इफेक्ट’मध्ये काही ठिकाणी दोन वेगळी सूचक वाक्ये निवडली तरी शेपर्ड एकच ध्वनिमुद्रित वाक्य बोलतो, ही गोष्ट पुन्हा खेळणाऱ्यांच्या ध्यानात आली. पुन्हा न खेळणाऱ्याला ती कधीच कळत नाही, हे तिचे समर्थनही आहे आणि तिच्यावरील आक्षेपही. दोन दारे दाखवून दोन्हींमागे एकच खोली ठेवणे हा रंगभूमीवर मान्य असलेला भ्रम आहे. परंतु ज्या कलाप्रकाराचे मूल्यच निवडीवर उभे आहे, तेथे हा भ्रम अधिक महाग पडतो.

सूचक वाक्य नेमके कोठे कमी पडते, हे समजून घेण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक संज्ञा फार उपयोगी आहे. ती म्हणजे काकु. (मराठीतील नात्याच्या शब्दाशी तिचा अर्थातच संबंध नाही.) उच्चारातील स्वरभेदाने वाक्याचा अर्थ बदलणे म्हणजे काकु. भरताने नाट्यशास्त्रात तिचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद सांगितले, आणि मम्मटाने व्यंजनेच्या विचारात तिला स्थान दिले. मम्मटाने घेतलेले एक उदाहरण भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकातील आहे. युधिष्ठिर कौरवांशी तह करू पाहतो आहे, हे कळल्यावर संतापलेला भीम जे बोलतो, ते केवळ अक्षरे पाहिली तर कौरवांना मारणार नसल्याचे कथन आहे. कानाने ऐकले तर ती त्यांच्या संहाराची प्रतिज्ञा आहे. सारा अर्थ स्वरात आहे. हेच वाक्य भीमाच्या भूमिकेतील खेळाडूपुढे पडद्यावर पर्याय म्हणून आले असते, तर शांतताप्रिय खेळाडूने ते मोठ्या समाधानाने निवडले असते आणि पुढच्याच क्षणी गदा उचललेला भीम पाहून तो थक्क झाला असता. शब्द खरे असूनही तो फसला असता. येथे दोष संक्षेपाचा नाही. वाक्य तर पूर्ण दिलेले आहे. दोष काकु वगळल्याचा आहे.

ही उणीव ओळखून 2011 च्या ‘ड्रॅगन एज 2’ने चक्राच्या मध्यभागी चिन्हे आणली. सलोख्याच्या, विनोदाच्या, आक्रमक उत्तराच्या जोडीला त्या त्या वृत्तीचे चित्र उमटे. प्रेमाच्या सुरासाठी हृदय होते. विनोदासाठी निवडलेला मुखवटा तर रंगभूमीवरूनच आलेला. स्वराचे लिपीत न येणारे अंग चित्रात आणण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. खेळाडू ज्या वृत्तीची उत्तरे अधिक निवडे, ती नायक हॉकची प्रधान वृत्ती ठरे. मग ज्या वाक्यांसाठी पर्याय विचारला जात नसे तीही हॉक त्याच वृत्तीने बोले. सतत थट्टा करणाऱ्याचा हॉक दुःखाच्या प्रसंगीही आपसूक थट्टेचा आधार घेई. निवड येथे केवळ एका वाक्याची राहत नाही. ती बोलण्याची सवय घडवते, आणि सवय पुढे बोलणाऱ्यालाच बोलायला लावते. कादंबरीकार व्यक्तिरेखा ज्या रीतीने उभी करतो तिच्याशी याचे नाते जवळचे आहे. स्वर निवडू देणे म्हणजे व्यक्तिरेखा घडवू देणे, हे ज्या थोड्या खेळांना उमगले त्यांत ‘ड्रॅगन एज 2’ची गणना करावी लागेल, त्याच्या इतर उणिवा त्यामुळे झाकल्या जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

2015 च्या ‘फॉलआउट 4’ने याच्या उलट टोक गाठले. अणुयुद्धोत्तर बॉस्टनच्या परिसरात हरवलेल्या मुलाचा शोध घेणारे आई किंवा बाप, हा त्याचा नायक. पूर्वीच्या ‘फॉलआउट 3’ आणि ‘न्यू व्हेगास’मध्ये नायक मूक व पर्याय पूर्ण वाक्यांचे होते, येथे आवाज आला आणि पर्याय चार बटणांवर, चार तुटक लेबलांत आले. कधी एखाददुसरा शब्द, तर कधी वाक्याऐवजी नुसते वृत्तीचे नाव : उपरोध. उपरोध नेमका कशाचा, कोणावर, किती बोचरा, याचा पत्ता नाही. उपरोध ही तर काकुवरच जगणारी गोष्ट. तिची जात माहीत नसताना ती निवडायची म्हणजे बंद पाकिटातले पत्र न वाचता त्यावर सही करण्यासारखे. यावर खेळाडूंनीच उपाय शोधला. खेळ प्रसिद्ध झाल्यावर अल्पावधीतच त्यांच्यापैकी काहींनी पडद्यावर पूर्ण वाक्ये दाखवणारा बदल तयार करून इतरांना खुला केला. वाचकाने संपादकाला बाजूला सारून मूळ हस्तलिखित मागावे, तसा हा प्रकार होता.

तथापि पूर्ण वाक्य दाखवणे हाच अंतिम उपाय, असे मानण्याकडे जो कल दिसतो तो तपासून घ्यायला हवा. भीमाच्या उदाहरणाने दाखवलेच आहे, की पूर्ण वाक्यही फसवू शकते. 2011 च्या ‘ड्यूस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन’ने मधला मार्ग काढला : वृत्तीचा एक शब्द, आणि त्यावर क्षणभर थांबले तर नायक ॲडम जेन्सन काय म्हणणार आहे त्याचे शब्द. ज्या प्रसंगांत समोरच्याचे मन वळवायचे आहे तेथे ही रचना चांगली उतरली, कारण तेथे खेळाडूचे लक्ष शब्दाहून समोरच्या माणसाकडे असते. एरवी मात्र वाचून झालेले वाक्य ऐकण्याचा कंटाळा तिलाही टाळता आला नाही. प्रश्न वाक्याच्या लांबीचा नसून पर्यायात कशाचे वचन दिले आहे, याचा आहे.

वचनभंगाचे सर्वांत बोधक उदाहरण मात्र काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नसलेल्या एका गुप्तहेर-खेळात सापडते. 2011 मधील ‘एल. ए. न्वार’ 1947 च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. कोल फेल्प्स हा पोलीस अधिकारी साक्षीदारांना प्रश्न विचारतो; नटांचे चेहरे 32 कॅमेऱ्यांनी टिपून पडद्यावर आणलेले असल्यामुळे साक्षीदाराच्या डोळ्यांची चलबिचल, ओठांची हालचाल पाहून खेळाडूने ठरवायचे, की समोरचा खरे बोलतो आहे, त्याच्यावर संशय घ्यावा, की तो खोटे बोलतो आहे असे पुराव्यानिशी सिद्ध करावे. ट्रुथ, डाउट, लाय, अशी तीन बटणांची तीन नावे. यांपैकी मधले नाव कुप्रसिद्ध झाले. एखाद्या शोकाकुल बाईच्या उत्तरात काही राहून गेले असावे, एवढ्या सौम्य शंकेने खेळाडू ‘डाउट’ निवडी, आणि फेल्प्स तिच्यावर कडाडून धमक्या देऊ लागे. पुढे उघड झाले, की निर्मितीच्या काळात ही नावे निराळी होती : पहिल्याचा अर्थ गोंजारून बोलते करणे असा होता, दुसऱ्याचा जोर लावणे असा. ॲरन स्टॅटन या नटाचा आवाज त्या ‘जोर लावण्याला’ अनुसरून मुद्रित झाला होता. नंतर बटणांवरचे नाव बदलले. आवाज बदलणे शक्य नव्हते. 2017 मध्ये हा खेळ नव्या रूपात आला तेव्हा नावे पुन्हा बदलली : चांगला पोलीस, वाईट पोलीस, आरोप.

या साध्या नामांतरात सिद्धान्ताचा मोठा भाग दडलेला आहे. ‘सत्य’, ‘संशय’, ‘असत्य’ ही नावे समोरच्याविषयीच्या निष्कर्षाची आहेत. ती फेल्प्सच्या मनात काय चालले आहे ते सांगतात. ‘गोंजारणे’ आणि ‘जोर लावणे’ ही कृतीची नावे आहेत. फेल्प्स काय करणार ते सांगतात. संशय मनात धरून माणूस गप्प बसू शकतो, हळुवारपणे पुन्हा विचारू शकतो, किंवा टेबलावर मूठ आपटू शकतो. निष्कर्षावरून कृती ठरत नाही. ज्याला आपला आवाज नाही अशा खेळाडूला निष्कर्ष निवडायला लावून कृती लेखकाने स्वतःकडे ठेवली, हा खरा वचनभंग. 2017 ची नावे ढोबळ आहेत, जवळजवळ हास्यास्पद आहेत. परंतु ती कृतीकडे परतली आहेत, म्हणून अधिक प्रामाणिक आहेत.

मात्र कृतीचे नावही दरवेळी पुरत नाही, याचे प्रत्यंतर ‘द विचर 3’ने 2015 मध्ये दिले. या पोलिश खेळाचा नायक गेराल्ट हा खेळाडूने घडवलेला नाही; आंद्रेई सापकोव्स्की यांच्या 1986 पासून प्रसिद्ध होत आलेल्या कथा-कादंबऱ्यांतून तो आलेला आहे. इंग्रजीत डग कॉकल यांनी त्याला जो कोरडा, जवळजवळ भावशून्य आवाज दिला, त्यामुळे सूर ओळखण्याची अडचण बरीचशी सुटली. गेराल्ट काहीही म्हणाला तरी साधारण कसा म्हणेल, हे दहा-वीस संवादांत समजून चुकते. तरीही एका प्रसंगाने हजारो खेळाडूंना चकवले. माजी हेरप्रमुख डायक्स्ट्रा वाट अडवून उभा असताना एक पर्याय येतो, त्याला जोराने बाजूला सारण्याचा. खेळाडूला वाटते, खांद्याचा धक्का देऊन वाट काढली जाईल. गेराल्ट त्याचा पाय मोडतो, आणि राजहत्येच्या कटाचा एक संपूर्ण धागा तेथेच तुटून जातो. येथे कृती सांगितली आहे, जोराचा उल्लेखही केला आहे. मग फसगत कोठे झाली? सापकोव्स्कींची 1995 मधील कादंबरी ज्यांनी वाचली होती त्यांची ती झाली नाही. तेथेही गेराल्टने डायक्स्ट्राचा पाय मोडलेला आहे. त्या वाचकांसाठी हा पर्याय एका जुन्या प्रसंगाची आठवण होता. इतरांसाठी तो केवळ एक क्रियाविशेषण. गेराल्टचा ‘जोर’ केवढा असतो, हे गेराल्टला माहीत होते, लेखकाला माहीत होते. ज्याच्या हातात गेराल्ट होता त्याला माहीत नव्हते. पर्यायाचे वाक्य पात्राशी प्रामाणिक होते, खेळाडूशी नव्हते.

असे असूनही ही चूक ‘डाउट’च्या चुकीच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. घडवून मिळालेल्या नायकाला स्वतःचा भूतकाळ असतो, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्याला तो भूतकाळ कधीमधी अंगावर येणारच. ‘मास इफेक्ट’चा शेपर्ड अर्धा खेळाडूचा असतो, म्हणून त्याच्या तोंडी अनपेक्षित वाक्य आले की खेळाडूला ते परकेपण बोचते. गेराल्टच्या बाबतीत तेच परकेपण ओळखीचे पाऊल ठरू शकते. मालकी कोणाची, हे आधी ठरले तर सूचक वाक्य किती सैल ठेवावे, हेही ठरवता येते.

या मालकीचा एक व्याकरणिक पैलूही आहे. पर्यायातील वाक्य कोणत्या पुरुषात बोलते? ‘मी खरे सांगतो’ हे नायकाचे बोलणे. ‘खरे सांग’ ही खेळाडूने नायकाला दिलेली आज्ञा. ‘खरे सांगणे’ हा निव्वळ कृतीचा उल्लेख. इंग्रजीत क्रियापदाचे एकच रूप यांपैकी पुढच्या दोन्ही अर्थांनी वाचता येते, आणि सूचक वाक्यांची भाषा या संदिग्धतेच्या सावलीत आरामात वाढली. पोलिशमध्ये भूतकाळाचे प्रथमपुरुषी रूप बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. मराठीत तर वर्तमानकाळातच ‘येतो’ आणि ‘येते’ हे दोन मार्ग फुटतात, आणि समोरच्याला ‘तू’ म्हणायचे, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हे ठरवल्यावाचून साधे आर्जवही लिहिता येत नाही. ज्या नायकाचे स्त्रीत्व वा पुरुषत्व खेळाडूवर सोपवलेले आहे, त्याचे पर्याय अशा भाषेत लिहिणाऱ्याला संक्षेपातही व्यक्तिरेखा लपवता येणार नाही. ‘तुम्ही’चा ‘तू’ होणे हीच मराठीत एक काकु आहे, आणि ती अक्षरांत दिसते.

2023 मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’मध्ये ‘फॉलआउट 4’च्याच निर्मात्यांनी नायकाला पुन्हा मूक केले आणि पूर्ण वाक्यांचे पर्याय परत आणले. त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्येही भोवतालची सारी पात्रे बोलतात, खेळाडूने घडवलेला नायक संभाषणात ओठ मिटून असतो. या परतीला पराभव म्हणणे घाईचे होईल, कारण मूकतेकडे परतलेल्या खेळांनी मधल्या काळातले शिक्षण टाकून दिलेले नाही. याचा उत्तम दाखला 2019 चा ‘डिस्को एलिझियम’ आहे. 2021 च्या त्याच्या अंतिम आवृत्तीत जवळजवळ सर्व मजकुराला आवाज मिळाला. दारूच्या अंमलाखाली स्वतःचे नावही विसरलेल्या गुप्तहेराच्या मनातील 24 वृत्ती, म्हणजे त्याचे तर्कशास्त्र, त्याची सहानुभूती इत्यादी, खेळाडूच्या कानाशी बोलत राहतात. त्यांपैकी बहुतेकींना लेनव्हल ब्राउन यांचा खोल, संथ आवाज आहे. स्वतः गुप्तहेराची वाक्ये मात्र खेळाडूने वाचायची. काकु येथे नायकाच्या तोंडून काढून त्याच्या डोक्यात ठेवली आहे : वाक्य निवडण्यापूर्वीच एखादी वृत्ती ते कसे बोलावे, का बोलू नये, हे ऐकवून जाते. आणि जेथे निवड व उच्चार यांत अंतर पडायचे तेथे ते उघडपणे पडते. हॉटेलमध्ये उभ्या असलेल्या तरुणीला काही सुचवू पाहणारा हा गुप्तहेर, फासा उलटा पडला, की व्याकरणही मोडलेले एक अत्यंत लाजिरवाणे वाक्य बोलून बसतो. ते वाक्य खेळाडूने निवडलेले नसते. परंतु फासा टाकण्यापूर्वी यशाची शक्यता किती, ते टक्केवारीत पडद्यावर लिहिलेले असते, आणि ती वाचूनच खेळाडूने ‘बोल’ म्हटलेले असते.